वेळापत्रकाचे रंग

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. किन्हीराजाच्या शिवारात तेव्हा पेरणीची घाई असते आणि शाळेत वेळापत्रकाची. एक सर एकाच तासाला दोन वर्गांवर जाऊ शकत नाहीत, आणि एका वर्गात दोन बाई एकदम शिकवू शकत नाहीत. सगळी डोकेदुखी एवढ्यातच आहे.

कागदावर डावीकडे शिक्षकांचे ठिपके काढा, उजवीकडे वर्गांचे. कोणी कोणाला शिकवायचे, तिथे रेघ ओढा. आता प्रत्येक तासाला एक रंग द्या. अट एकच: एका ठिपक्यावर एकाच रंगाच्या दोन रेघा नकोत. गणितात याला आलेखाच्या कडा रंगवणे म्हणतात.

कुळ शोधायला गेलो तर वेळापत्रक नव्हे, नकाशा सापडतो. कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात का, या प्रश्नावर 1880 मध्ये स्कॉटलंडच्या पीटर टेट यांनी प्रदेश सोडून सीमारेषाच रंगवायला घेतल्या. प्रत्येक नाक्यावर तीनच रेषा मिळत असतील आणि त्या साऱ्या तीन रंगांत बसल्या, तर प्रदेश चार रंगांत बसतात. त्यांना वाटले, प्रश्न सुटलाच. प्रत्यक्षात तो 1976 मध्ये सुटला, तोही संगणकाच्या मदतीने.

आपल्या शाळेचा निकाल 1916 मध्ये बुडापेस्टच्या डेनेश केनिग यांनी लावला. ठिपक्यांचे दोनच गट असतील, तर ज्याच्यावर सर्वांत जास्त रेघा त्याच्या रेघांइतकेच रंग पुरतात. (निवडणुकीची ड्यूटी यात धरलेली नाही.) गटांची अट काढली, तर फार तर एक रंग जास्त लागतो, हे सोविएत गणिती वादिम विझिंग यांनी 1964 मध्ये दाखवले. तो एक जादा रंग लागेल की नाही, हे हमखास झटपट ओळखण्याची रीत मात्र आजही कोणाकडे नाही.

आता वर्गखोल्या आणा. दहा शिक्षक, दहा वर्ग, दहा तास, दहा खोल्या. प्रत्येक शिक्षक प्रत्येक वर्गाला एकदा भेटतो; शिक्षक असो वा वर्ग, प्रत्येक खोलीत एकदाच बसतो; आणि एका तासाला एका खोलीत एकच वर्ग. जमेल? ऑयलर यांचा 1782 मधला अंदाज होता की सहा, दहा, चौदा अशा संख्यांना हे जमणारच नाही. सहाला खरेच जमत नाही, हे गास्तों तारी यांनी 1900 च्या सुमारास साऱ्या शक्यता हाताने तपासून सिद्ध केले. दहासाठी अमेरिकेत पुढे संगणकही जुंपला. त्याच्या हाती काही लागले नाही.

1959 मध्ये शरच्चंद्र श्रीखंडे आणि त्यांचे गुरू राजचंद्र बोस यांनी आधी बाविसाचा दाखला रचला, मग अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचा. पुढे तिघांनी मिळून सहाच्या वरच्या अशा सगळ्या संख्यांना ते जमते, हे सिद्ध केले. श्रीखंडे नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकले, तिथेच शिकवलेही. संगणकाच्या रिकाम्या हातांवर विसंबून अंदाज खरा मानणे किती धोक्याचे, हे मला या गोष्टीइतके दुसऱ्या कशाने पटले नाही.

त्याच वर्षीचा श्रीखंडे आलेख ‘सेज’ या मोफत प्रणालीत नावानिशी मिळतो: सोळा ठिपके, प्रत्येकावर सहा रेघा, एकूण 48. प्रोग्रामला दिसेल त्या क्रमाने रेघा रंगवायला सांगा. अकरा रंगांत काम होईल, ही खात्री. सहात बसवायला तो शोधाशोध करील. पण चार बाय चारचा पट डोळ्यांपुढे आणा, प्रत्येक घरात एक ठिपका; एका कडेने बाहेर पडलात की समोरच्या कडेने आत यायचे. रेघा तीन दिशांनी जातात: आडवी, उभी आणि एक तिरपी. कोणतीही दिशा धरा, चार पावलांत मूळ घरी परत. चार सम, म्हणून दिशेला दोन रंग पुरे. तीन दिशा, सहा रंग.

याच पटावर बुद्धिबळाचा हत्ती फिरवला, तर एक जुळा भाऊ मिळतो. तेवढेच ठिपके, तेवढ्याच रेघा, रंगही सहाच. फरक कळतो तो एका ठिपक्याच्या सहा शेजाऱ्यांची आपसातली ओळख विचारली की: हत्तीकडे ते तिघा-तिघांच्या दोन टोळ्यांत बसतात, श्रीखंड्यांकडे एकाच फेरात.