बोल्टचे आटे

बोल्टच्या दंडावर बाहेरून व नटच्या भोकात आतून वळत जाणाऱ्या मळसूत्री खाचांना ‘आटे’ म्हणतात. फिरवण्याच्या गतीचे सरळ रेषेतील गतीत रूपांतर करणे व जोड घट्ट आवळून ठेवणे हे आट्यांचे कार्य होय.

मापन
आटे मुख्यतः बाह्य व्यास, पिच व कोन यांवरून ओळखले जातात. लगतच्या दोन माथ्यांमधील अंतर म्हणजे पिच. इंची पद्धतीत पिचऐवजी एका इंचातील आट्यांची संख्या सांगतात. व्यास कॅलिपरने व पिच दातेरी पट्ट्यांच्या गेजने मोजतात.

प्रमाणे
मँचेस्टरचे अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंश कोनाचे प्रमाण सुचवले. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचे प्रमाण मांडले. आंतरराष्ट्रीय मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंश आहे. भारतात मेट्रिक आट्यांसाठी आयएस ४२१८ हे मानक आहे.

मुंबईतील संदर्भ
गिरणगावातील सूतगिरण्यांची बरीच यंत्रे लँकाशरमधून येत, तर १८७९ मध्ये सुरू झालेल्या परळच्या रेल्वे कारखान्यात ब्रिटिश बनावटीच्या इंजिनांची दुरुस्ती होई. त्यामुळे या भागातील कामगारांच्या हाती इंची आटे रुळले. १९५६ च्या वजने व मापे कायद्यानंतर मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने आली. तरी हार्डवेअरच्या बाजारात ‘सूत’ हे माप आजही बोलले जाते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच.

ही सरमिसळ धोक्याची ठरू शकते. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टचा व्यास १२.७ मिमी व पिच सुमारे २.१२ मिमी असते. एम१२ बोल्टची प्रचलित पिच १.७५ मिमी असते. दोन्ही दिसायला सारखे असले, तरी एकाचा नट दुसऱ्यावर नीट बसत नाही. जोर लावून चढवल्यास आटे कापले जातात व ताण येताच जोड सुटू शकतो.

आटे पाडणे व बदलणे
बाहेरचे आटे डायने व आतले टॅपने पाडतात. टॅपसाठीच्या भोकाचा व्यास साधारणतः बाह्य व्यासातून पिच वजा करून मिळतो. एम१० × १.५ साठी तो ८.५ मिमी येतो. तेल लावून, हत्यार थोडे पुढे व किंचित मागे फिरवत कीस मोडावा लागतो.

किंचित दुखावलेले आटे त्याच मापाच्या डायने साफ करता येतात. भोकातील आटे झिजल्यास मोठ्या मापाचे आटे पाडतात, किंवा तारेचे वेटोळे बसवून मूळ माप राखतात. मात्र व्हिटवर्थ बोल्टवर मेट्रिक डाय फिरवणे अयोग्य होय. नव्या खाचा जुन्या माथ्यांना छेदतात व पकडीपुरता धातू उरत नाही. तसेच ८.८ सारख्या उच्च बळाच्या बोल्टचे आटे बहुधा दाबून घडवलेले असतात. ते पुन्हा कापल्यास बोल्ट कमजोर होतो. ब्रेक, उद्वाहन वा परांची अशा ठिकाणी आटे बदलण्यापेक्षा योग्य मापाचा नवा बोल्ट व नट वापरणेच सुरक्षित असते.