एन्कोडर, स्थितिदर्शक
फिरणाऱ्या दंडाची कोनीय स्थिती विद्युत् संकेतांच्या रूपाने कळविणारे साधन. विद्युत् मोटरला प्रवाह दिला की ती फिरते. परंतु ती नेमकी किती फिरली, हे नियंत्रकास आपोआप समजत नाही. ही उणीव दूर करण्याच्या प्रयत्नांतून हे साधन विकसित झाले.

इतिहास : १९१४ मध्ये खुल्या झालेल्या पनामा कालव्यातील जलपाशांच्या दरवाजांची स्थिती नियंत्रण कक्षात बसून पाहता येत असे. त्यासाठी दूरच्या दंडाबरोबर तितक्याच कोनातून फिरणारी सिंक्रो जातीची साधने योजली होती. त्यांचे संकेत अखंड बदलणारे होते, अंकरूप नव्हते.

अंकीय एन्कोडरमध्ये तबकडीवरील पारदर्शक व अपारदर्शक भागांतून येणारा प्रकाश टिपतात. नेहमीच्या द्विमान पद्धतीत ३ (०११) वरून ४ (१००) वर जाताना तिन्ही अंक बदलतात. ते किंचित मागेपुढे बदलल्यास क्षणभर भलतीच स्थिती वाचली जाते. अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधील फ्रँक ग्रे यांच्या संकेतावलीत लगतच्या संख्यांत एकच अंक बदलतो (०१०, ११०). तिच्या एकस्वासाठी त्यांनी १९४७ मध्ये अर्ज केला व १९५३ मध्ये ते मिळाले. मूळ हेतू ध्वनिसंकेतांच्या प्रेषणाचा असला, तरी तबकडीसही ती उपयुक्त ठरली. १९५२ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने अंकीय नियंत्रणाचे मिलिंग यंत्र दाखविल्यानंतर अचूक स्थितिमापन ही कारखान्यांची गरज बनली.

घरगुती कार्यशाळेतील उपयोग : एड्विन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारित स्वस्त अर्धसंवाहक चकत्यांमुळे हे साधन हौशी कारागिराच्या आवाक्यात आले. दंडाच्या टोकास व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेली चकती चिकटवून तिच्यासमोर संवेदक बसवितात. चकती मध्यापासून सरकल्यास कोनाच्या वाचनात दोष येतो. प्रकाशीय प्रकारात पाव आवर्तनाने सरकलेले दोन संकेत मिळतात व त्यांच्या क्रमावरून दिशा कळते; ६०० रेषांच्या तबकडीपासून एका फेऱ्यात २,४०० मोजण्या, म्हणजे ०·१५ अंशाची सूक्ष्मता मिळते. मात्र वीज गेल्यास या प्रकारातील मोजणी नष्ट होते.

जोडणीत दिशा उलटी झाल्यास नियंत्रक चूक कमी करण्याऐवजी वाढवीत जातो आणि मोटर अनावर वेगाने फिरू लागते. म्हणून पहिली चाचणी मोटरवर भार न ठेवता, प्रवाह मर्यादित ठेवून घेतात. एन्कोडरमुळे मोटरला स्थितीचे ज्ञान मिळते. परंतु ते ज्ञान चुकीचे असल्यास हालचालही तितकीच चुकीची होते.