जिन्यातला आवाज

५ एप्रिल १९८०, शनिवार. उद्या ईस्टर आहे. तुम्ही जॉर्जियातल्या अथेन्स गावात, ओकोनी स्ट्रीटवरच्या एका जुन्या चर्चसमोर उभे आहात. इथं प्रार्थना होणं कधीच थांबलंय. आता आत विद्यापीठातली पोरं भाड्यानं राहतात. आज एका मैत्रिणीचा वाढदिवस आहे, आणि तिच्यासाठी चारजण वाजवणार आहेत. गर्दीतून वाट काढत आत शिरा, भिंतीला टेकून उभे राहा.

चौघांच्या बँडचं नावसुद्धा अजून ठरलेलं नाही. पुढे शब्दकोश उघडून त्यातून ‘आर. ई. एम.’ निवडतील. गाणारा मायकल स्टाइप चित्रकलेचा विद्यार्थी आहे. गिटारवाला पीटर बक ‘वक्सट्री’ या रेकॉर्डच्या दुकानात काम करतो. स्वतःसाठी बाजूला ठेवलेल्या तबकड्या हा स्टाइप येऊन विकत घेऊन जातो, हे बकच्या लक्षात आलं आणि दोघांची दोस्ती झाली. बेस वाजवणारा माइक मिल्स आणि ड्रम्सवरचा बिल बेरी हे मेकनच्या शाळेतले. तिथं त्यांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं. एके दिवशी दोघं एकाच ठिकाणी वाजवायला बसले आणि ते भांडण तिथंच मिटलं.

आज ते बरीचशी दुसऱ्यांचीच गाणी वाजवताहेत. सुरात कमी, वेगात जास्त. पण बेरी आणि मिल्सकडे कान द्या. तालाची चौकट पक्की आहे, आणि बेस तालामागे फरफटत न जाता स्वतःची वेगळी चाल गातोय. हा बँड पुढे तीस वर्षं टिकला त्याचं निम्मं कारण मला तरी याच जोडीत दिसतं.

एक वर्ष पुढे या. एप्रिल १९८१, विन्स्टन-सेलम. मिच ईस्टरनं आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये स्टुडिओ थाटलाय. ‘रेडिओ फ्री युरोप’ या गाण्याचं पहिलं ध्वनिमुद्रण इथं होतं आणि हिब-टोन ही चिमुकली कंपनी ते काढते. मोठी रेडिओ केंद्रं असलं काही लावत नाहीत. लावतात ती कॉलेजांची केंद्रं, जिथं रात्री एखादा विद्यार्थी आपल्याच आवडीच्या तबकड्या घेऊन बसलेला असतो. ‘अल्टरनेटिव्ह’ हा शब्द दुकानाच्या फळीवर चिकटण्याआधी ते संगीत या मुलांच्या हातांतून, आणि गावोगाव व्हॅन हाकणाऱ्या अशा बँडांमधून पसरलं.

आता १९८३ चा जानेवारी. शार्लट शहरातला रिफ्लेक्शन स्टुडिओ. इथं आपण जरा जास्त वेळ थांबू.

नव्या कंपनीच्या आग्रहावरून याआधी एका दुसऱ्या निर्मात्याबरोबर काम करून पाहिलं होतं. त्यानं एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं आणि नंतर त्यावर सिंथेसायझर चढवला. चौघंही खचले. म्हणून आता मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन. ठरलंय असं की सिंथेसायझर नको आणि छाती फुगवून वाजवलेला गिटारचा तुकडाही नको. बकच्या हातात रिकनबॅकर गिटार आहे. तो सगळ्या तारा एकदम छेडत नाही, एकेक तार सुटी वाजवतो. पितळी घंटांची माळ हलावी तशी किणकिण होते, आणि तिच्याखालून मिल्सचा बेस वाट काढत जातो. स्टाइपचा आवाज यांच्यावर चढून बसत नाही. तो मधोमध, थोडा मागेच ठेवलाय.

शब्द कळत नाहीत ना? भावगीतावर वाढलेला आपला कान आधी शब्द शोधतो, आणि तो सापडला नाही की गाणं निसटल्यासारखं वाटतं. पण ख्याल ऐकताना बंदिशीची अक्षरं पुसट झाली तर आपण तक्रार करतो का? तिथं आपण आवाजाचं वजन ऐकतो, अक्षरावरून पुढच्या अक्षरावर तो कसा घसरतो ते ऐकतो. इथंही तसंच ऐका. या मुलाला काहीतरी सांगायचंय हे तुम्हाला पक्कं कळतं. काय सांगायचंय, ते तुमच्यावर सोडलेलं आहे.

इथं ध्वनिमुद्रित झालेला ‘मर्मर’ हा अल्बम एप्रिलमध्ये बाहेर येतो. मुखपृष्ठावर दक्षिणेत सगळीकडे माजलेली कुडझूची वेल आहे. ज्या वर्षी ‘थ्रिलर’ घराघरांत वाजत होता, त्या वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘रोलिंग स्टोन’ हे नियतकालिक ‘मर्मर’ला निवडतं.

याच स्टुडिओत पुढच्या हिवाळ्यात पुन्हा या. जिन्यात अंधार आहे आणि स्टाइप तिथं उभा राहून ‘सेव्हन चायनीज ब्रदर्स’ गायचा प्रयत्न करतोय. आवाज इतका दबलाय की टेपवर काही उमटत नाही. डिक्सन रागावत नाही. जिन्यावर जुन्या तबकड्यांचा ढीग पडलाय, त्यातली एका गॉस्पेल गायकवृंदाची तबकडी उचलून तो स्टाइपच्या हातात देतो. स्टाइप तिच्या वेष्टनावरचा मजकूरच गाण्याच्या चालीवर गाऊ लागतो, गायकांच्या नावांसकट. ऐका, आवाज मोकळा होतोय! त्यानंतर मूळ गाणं नीट होतं. आणि त्या मजकुराचं गाणंही ‘व्हॉइस ऑफ हॅरल्ड’ नावानं पुढे प्रसिद्ध झालं. कुणाला निर्मात्याचं काम काय असतं हे समजावायचं असेल, तर मी हा जिना दाखवीन.

मधली वर्षं भरभर ओलांडू. १९८७ मध्ये ‘डॉक्युमेंट’ या अल्बमनं त्यांना मोठं केलं, १९८८ मध्ये ते वॉर्नर या बड्या कंपनीकडे गेले. शब्द आता स्पष्ट ऐकू येतात. काहींना तो सौदा वाटला. मला नाही वाटत. सांगायला राजकारण आलं, नद्या-जंगलं आली, तेव्हा स्टाइपनं उच्चार स्वच्छ केले, इतकंच.

सप्टेंबर १९९०, वुडस्टॉकजवळचा बेअर्सव्हिल स्टुडिओ. बक टीव्हीसमोर बसून मँडोलिन शिकत होता, त्यात इथं मुद्रित होत असलेल्या ‘लूझिंग माय रिलिजन’ची धून सापडली. गाण्याला नीटसं ध्रुवपदच नाही. ‘लूझिंग माय रिलिजन’ हा दक्षिणेतला वाक्प्रचार आहे. धर्माशी त्याचा संबंध नाही, सहनशक्ती संपणं असा त्याचा अर्थ. गाणं आहे एकतर्फी ओढीचं. त्याची चित्रफीत जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगनं केली. आपल्या सिनेमातला स्वप्नवत भडकपणा त्यानं मुद्दाम तिच्यात आणला. मँडोलिनवरचं हे गाणं अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. आणि इतकं यश हातात असताना हे लोक दौऱ्यावर गेलेच नाहीत. त्याऐवजी त्यांनी ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ केला. मरणाविषयीचा संथ, तंतुवाद्यांनी भरलेला अल्बम, आणि नाव मात्र अथेन्समधल्या एका खानावळीच्या घोषवाक्यावरून घेतलेलं.

१ मार्च १९९५, लोझान, स्वित्झर्लंड. सहा वर्षांनी दौरा निघालाय. वाजवता वाजवता बेरी डोकं धरतो आणि आत जातो. उरलेला कार्यक्रम दुसऱ्या बँडच्या ड्रमरला घेऊन पुरा होतो. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली होती. तिथंच शस्त्रक्रिया झाली, तो वाचला आणि मे महिन्यात परत वाजवायलाही बसला. पण १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं रजा मागितली. अट एकच होती: बँड मोडणार असेल तर मी जात नाही. मग तो शेतावर गवत पिकवू लागला.

तोवरच्या प्रत्येक स्वतःच्या गाण्याखाली चौघांची नावं होती, बेरी, बक, मिल्स, स्टाइप, अशी इंग्रजी वर्णानुक्रमे. चाल कुणाला सुचली, कडवं कुणी लिहिलं, हा हिशोब नाही. पैसाही चौघांत सारखा. बँड पैशावरून आणि श्रेयावरून फुटतात, हे या पोरांना विशीतच कळलं होतं. मला त्यांच्या सुरांइतकाच या शहाणपणाचा आदर वाटतो. बेरीनंतर पाच अल्बम झाले. त्यांत सुंदर गाणी आहेत, पण खुर्ची रिकामी असल्याचं कानाला कळतं. २१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी, एकही जाहीर भांडण न करता, थांबत असल्याचं सांगितलं.

ओकोनी स्ट्रीटवरचं चर्च १९९० मध्येच पाडलं गेलं. मनोरा तेवढा राहिला.

शेवटची उडी. जून २०२४, न्यूयॉर्क. गीतकारांच्या सन्मान-सभागृहात या चौघांचा समावेश होतोय. बक मँडोलिन उचलतो, बेरी तालवाद्यापाशी येतो, मिल्स आणि स्टाइप पुढे. एकच गाणं वाजतं, ‘लूझिंग माय रिलिजन’, आणि चौघंही त्यात आहेत.