श्रद्धा आणि सत्कृत्यें : एका जुन्या वादाचा इतिहास

देवाच्या दयेनें आपलें मंदिर आज महोत्सवाचा दिवस पाहत आहे. अशा प्रसंगीं कोणीं किती दिलें व कोणीं किती केलें याची आठवण निघते, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याबरोबर एका प्रश्नाचाही विचार व्हावा असें आम्हांस वाटतें. मरणशय्येवरील वृद्धांनीं तो आम्हांस पुष्कळदां विचारला आहे : “फादर, माझें पुण्य पुरेल ना?” याच प्रश्नाच्या उत्तरावरून युरोपांतील ख्रिस्ती समाज दुभंगला होता. तो इतिहास थोडक्यांत सांगतों.

नियमशास्त्राच्या कृत्यांनीं नव्हे, तर श्रद्धेनें मनुष्य नीतिमान ठरतो, अशी संत पौलाची शिकवण आहे. कृत्यांवांचून श्रद्धा निर्जीव होय, असें संत याकोब बजावितात. हा विरोध वरवरचा आहे. पौलाचा रोख कर्माची बढाई मारणारांवर आहे, तर याकोबाचा रोख उपाशी बंधूला कोरड्या शब्दांनीं वाटेस लावणारांवर. पुढें पांचव्या शतकांत, मनुष्य स्वबळानें पुण्यवान होऊं शकतो असें पेलाजियुस शिकवूं लागला, तेव्हां संत ऑगस्टीन यांनीं त्याचें खंडन केलें. इ. स. ५२९ मधील ओरांज येथील परिषदेनेंही ठरविलें कीं, श्रद्धेचा प्रारंभ सुद्धां देवकृपेनेंच होतो.

एक हजार वर्षांनीं हा वाद पुन्हां पेटला. जर्मनींत टेट्झेल नांवाच्या प्रचारकानें दंडमुक्तीचा जणूं बाजार मांडला होता. तो दोष खरा होता. तो झांकण्याचें आपणांस कारण नाहीं. १५१७ सालीं मार्टिन लूथर यानें त्याविरुद्ध पंचाण्णव विधानें मांडलीं. परंतु पुढें त्याचें पाऊल दुसऱ्या टोंकास गेलें. १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारांत त्यानें पौलाच्या वाक्यांत “केवळ” हा शब्द घातला, आणि याकोबाच्या पत्रास गवताच्या काडीची उपमा दिली.

समेटाचा प्रयत्न झाला नाहीं असें नाहीं. १५४१ सालीं रेगेन्सबुर्ग येथें कार्डिनल कोंतारिनी व मेलांक्थोन प्रभृति विद्वान एकत्र बसले, आणि आश्चर्य हें कीं, याच विषयावर त्यांचें एकमत झालें! परंतु तें मत रोमलाही पटलें नाहीं व लूथरलाही पटलें नाहीं. शिवाय पवित्र ख्रिस्तप्रसादावरील चर्चेंत बोलणीं फिसकटलीं. पुढच्याच वर्षीं कोंतारिनी वारले.

१५४५ च्या डिसेंबरांत ट्रेंट येथें धर्मपरिषद भरली. या एका विषयावर तेथें सुमारें सात महिने खल चालला. वाद इतका तापला कीं, १५४६ च्या जुलैंत एका बिशपांनीं दुसऱ्या बिशपांची दाढीच ओढली! त्यांस बहिष्काराची शिक्षा झाली व पुढें क्षमाही मिळाली. सत्य निश्चित करणारेही मातीचींच भांडीं होतीं, हें लक्षांत ठेवावें. अखेर १३ जानेवारी १५४७ रोजीं सोळा अध्याय व तेहतीस नियम संमत झाले. त्यांतील पहिलाच नियम, ख्रिस्ताच्या कृपेवांचून स्वतःच्या कृत्यांनीं नीतिमान होतां येतें असें म्हणणाराचा निषेध करितो. श्रद्धा हें तारणाचें मूळ व पाया होय. परंतु प्रीति व आशा यांवांचून ती पुरी पडत नाहीं. आणि आपलीं पुण्यकृत्यें हीं देखील देवाचींच दानें आहेत, असें परिषदेनें सांगितलें.

याच काळांत, १५४२ च्या मे महिन्यांत, संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. त्यांनीं इस्पितळांत रोग्यांची शुश्रूषा केली आणि घंटा वाजवीत मुलांस धर्मशिक्षणासाठीं गोळा केलें. ट्रेंटचे पंडित जें शब्दांत बसवीत होते, तेंच येथें एका मनुष्याच्या आचरणांत दिसत होतें.

साडेचार शतकें उलटल्यावर, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं, जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें कॅथलिक व लूथरपंथी प्रतिनिधींनीं संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या गुणानें नव्हे, तर ख्रिस्तावरील श्रद्धेंत, केवळ कृपेनें देव आपला स्वीकार करितो, आणि तीच कृपा आपणांस सत्कृत्यांस समर्थ करिते, असें दोघांनीं मिळून कबूल केलें. सारे मतभेद मिटले असें नव्हे. तथापि जुने शाप आज त्या शिकवणीला लागू नाहींत, असें ठरलें. २००६ सालीं मेथॉडिस्ट मंडळीनेंही या शिकवणीस आपली संमति दिली. म्हणून प्रॉटेस्टंट शेजाऱ्यास “नुसत्या श्रद्धेचा” म्हणून हिणविणें आतां आपणांस शोभणार नाहीं.

राहिला त्या वृद्धांचा प्रश्न. आमचें उत्तर हेंच : नाहीं, बाबा, तुमचें पुण्य पुरणार नाहीं, कोणाचेंच पुरत नाहीं. पुरतो तो ख्रिस्ताचा क्रूस. परंतु ज्या हातांनीं तुम्हीं भुकेल्यास भाकर दिली, ते हात त्यानेंच चालविले होते, आणि तो त्यांस विसरणार नाहीं. भाविकहो, या मंदिराची प्रत्येक वीट अशीच समजा : देणगी आपली, पण देण्याची बुद्धि त्याची. ही जाणीव ठेवून जो आज घरीं जाईल व भावाशीं असलेलें जुनें भांडण मिटवील, त्याचा महोत्सव खरा झाला. देव आपणां सर्वांस तशी श्रद्धा देवो.