मेळघाट

मेळघाट : अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा डोंगराळ वनप्रदेश. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. त्यांत लहानमोठी सव्वातीनशेच्या आसपास गावे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या तीन लाखांच्या घरात असून तीत तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक आदिवासी, मुख्यतः कोरकू आहेत. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत मोडतात आणि विधानसभेचा मेळघाट मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेने हा मुलूख वऱ्हाडच्या सपाटीपासून वेगळा केला आहे. कड्याखाली पयनघाट, म्हणजे पूर्णेचे खोरे आणि कपाशीची काळी जमीन. कड्यावर साग, मोह, तेंदू आणि बांबू. अमरावतीहून परतवाडा ओलांडून घाट चढू लागले की तासाभरात पीक बदलते, घरांची बांधणी बदलते आणि बोलणेही बदलते.

सिपना, खंडू, खापरा, गडगा आणि डोलार या नद्या मेळघाटचे पाणी तापीला नेतात. दक्षिण उतारावरचे पाणी मात्र वऱ्हाडात उतरते. वान आणि शहानूर या धरणांचे पाणलोट याच डोंगरांत आहेत, आणि अकोट, तेल्हारा, अंजनगाव, दर्यापूर या भागांतल्या अनेक गावांच्या नळाला येणारे पाणी तिथले असते. खाऱ्या भूजलाच्या या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. ते पाणी ज्या जंगलातून येते, त्या जंगलातल्या माणसाची चौकशी मात्र वऱ्हाडात एरवी फारशी होत नाही. पावसाळ्यात बालमृत्यूंच्या बातम्या आल्या की तेवढ्यापुरती होते.

चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. विदर्भाचे हे एकमेव थंड हवेचे ठिकाण. कॉफीचे मळे आणि कीचकाची दंतकथा यांसाठी प्रसिद्ध. जवळचा गाविलगड किल्ला डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने घेतला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आला आणि पुढच्या काही दशकांत इथला साग सरकारी मालकीचा झाला. मेळघाटचा पुढचा सारा इतिहास या बदलातून निघतो. डोंगरउतारावर जागा बदलत कोदो-कुटकी पेरणारा कोरकू राखीव जंगलात अतिक्रमक ठरला. तोड, लावणी आणि वणवा विझवणे यांसाठी मजूर तर हवे होते, म्हणून वनखात्याने त्यांनाच ‘वनग्रामां’त वसवले. घर खात्याच्या मर्जीवर, शेत खात्याच्या मर्जीवर आणि मजुरीही खात्याचीच, अशी ही व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे चालली.

कोरकूंची भाषा मुंडा कुळातली, संथाळी आणि मुंडारीच्या नात्यातली. मराठी किंवा हिंदीशी तिचा कौटुंबिक संबंध नाही. त्यामुळे अंगणवाडीत, दवाखान्यात आणि तहसील कचेरीत कोरकू माणसाला पहिली अडचण येते ती भाषेची. तिथे हिंदीच्या आधाराने काम निभावले जाते. गोंड, निहाल, बलाई आणि गवळी हे इथले इतर समाज. गवळ्यांचा खवा परतवाड्याच्या बाजारात जातो. कोरकूंचा सर्वांत मोठा सण होळी. मजुरीला कुठेही गेलेला माणूस होळीला गावी येतो, पुढचे चार-पाच दिवस फगवा (होळीची बक्षिसी) मागत फिरतो आणि मेघनाथाच्या जत्रेला जातो. त्या दिवसांत वीटभट्टीवर किंवा बांधकामावर कोरकू मजूर मिळत नाही, हे अमरावती-अकोल्याच्या ठेकेदारांना पाठ आहे. सण आटोपला की पुन्हा बिऱ्हाड बांधून निघायचे, ते रोहिणी-मृगापर्यंत. धारणी आणि चिखलदरा हे रोजगार हमीवर राज्यात सर्वाधिक मजूर येणाऱ्या तालुक्यांपैकी आहेत. तरी मस्टर भरूनही मजुरी खात्यात यायला उशीर झाला की लोक थांबत नाहीत. थांबणार कशाच्या बळावर?

व्याघ्रप्रकल्प : १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांत मेळघाट होता. १९८५ मध्ये अभयारण्य आणि १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. अकोला जिल्ह्यातले नरनाळा आणि बुलढाण्यातले अंबाबरवा या अभयारण्यांचा कारभारही आज याच प्रकल्पाकडे आहे. गाभाक्षेत्र सुमारे १,५०० चौ.किमी. आहे. ते २७ डिसेंबर २००७ रोजी अधिसूचित झाले आणि वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी लागू झाले. मध्ये पाच दिवसांचे अंतर. आदिवासींचा जंगलावरचा हक्क मान्य करणारा कायदा येऊन ठेपला असताना वाघासाठी ‘अनतिक्रांत’ ठेवायच्या क्षेत्राची रेषा घाईने ओढली गेली. त्या घाईचे प्रशासकीय खुलासे झाले. कोरकूंना विचारून ती ओढली, असे कोणी म्हणत नाही.

पुनर्वसन त्याआधीच सुरू झाले होते. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातून अकोट तालुक्यात उतरली. २००८ नंतर कुटुंबामागे दहा लाख रुपये (२०२१ पासून पंधरा लाख) असा केंद्राचा मोबदला ठरला. मग अमोना, बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी, वैराट, चुर्णी अशी एकेक गावे हलली. कायद्याने हे स्थलांतर ऐच्छिक असावे लागते; आधी हक्क निश्चित व्हावेत आणि ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती घ्यावी, अशी अट आहे. सह्या झाल्या हे खरे. वीज नाही, रस्ता नाही, जंगलात पाय ठेवला तर गुन्हा, अशा गावात राहणारा माणूस सही करतो तेव्हा तिला इच्छा म्हणायचे की नाही, हा वाद कागदांनी मिटत नाही.

सपाटीवर आलेल्या कुटुंबांपैकी काहींचे बरे चालले आहे. शाळा, दवाखाना आणि बाजार हाताशी आला, मुली पुढे शिकल्या. हेही नोंदवायला हवे. पण अनेकांच्या हाती रोख रक्कम आली आणि जमीन आली नाही. अकोट-तेल्हाऱ्यातल्या काळ्या रानाचा भाव पाहता त्या पैशात पोटापुरते शेत होत नव्हते. मोटारसायकल आली, लग्ने झाली, दुखणी निघाली आणि खाते रिकामे झाले. जंगलात मोह, तेंदू, डिंक, रानभाजी, सरपण आणि मासे यांना पैसा पडत नव्हता. इथे सरपणही विकत. शेतजमीन आणि सोयींची मागणी करत काही गावांचे लोक आपल्या जुन्या गावठाणावर परत गेले. जानेवारी २०१९ मध्ये त्यांना बाहेर काढताना वनकर्मचारी, पोलीस आणि गावकरी यांच्यात मोठा संघर्ष झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. अकोला जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातला हा एक महत्त्वाचा प्रसंग. त्याची आठवण मात्र ‘हल्ला’ या एका शब्दात उरली आहे. मागण्या काय होत्या, हे फार थोड्यांना सांगता येईल.

मोबदला आणि जमीन यांतला हा पेच जगात इतरत्रही दिसतो. अमेरिकेतल्या लाकोटा लोकांना १८६८ च्या तहाने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख मिळाला होता. सोने सापडताच सरकारने तो काढून घेतला. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते घेणे अन्यायाचे ठरवून दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम केली. लाकोटांनी ती आजवर उचललेली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत. पाइन रिजसारख्या त्यांच्या राखीव मुलखातली गरिबी पाहता हा नकार सोपा नाही. कोरकूंना नकार देण्याइतकी सवड कधी मिळाली नाही, आणि त्यांच्याशी तहही कोणी केला नव्हता.

कुपोषण आणि न्यायालय : १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या. पत्रकार आणि कार्यकर्त्या शीला बारसे यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. मुख्यमंत्र्यांचे दौरे झाले. आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना निघाली ती यानंतर. पुढे ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यभरातल्या बालमृत्यूंची लपलेली संख्या समोर आणली आणि डिसेंबर २००३ मध्ये सरकारला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. २००७ मध्ये पूर्णिमा उपाध्याय, बंडू साने आणि डॉ. राजेंद्र बर्मा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या याचिकांमधून हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात पुन्हा उभा राहिला. न्यायालयाने वेळोवेळी डॉक्टरांची रिक्त पदे, आहाराचा पुरवठा आणि रस्ते यांचा जाब विचारला. भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी डॉ. छेरिंग दोरजे यांना प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल द्यायलाही सांगितले.

मृत्यूची कारणे गूढ नाहीत. आई स्वतः अशक्त, कमी वयात बाळंतपण, कमी वजनाचे मूल आणि त्यात पावसाळ्यातला न्यूमोनिया व हगवण. जून ते ऑक्टोबर हे दिवस सर्वांत वाईट. घरातले धान्य संपलेले असते, आई दिवसभर रोवणी-निंदणीला गेलेली असते आणि नाले भरल्याने गावे तुटलेली असतात. अंगणवाडीत मुलाच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की पट्टी लाल दाखवते आणि मूल तीव्र कुपोषित ठरते. मग त्याला ग्राम बालविकास केंद्रात किंवा धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात ठेवायचे. रुग्णालयात ठेवायचे म्हणजे आईनेही पंधरा दिवस तिथे राहायचे, मजुरी बुडवून आणि घरची धाकटी-थोरली कोणाच्या तरी भरवशावर सोडून. आई तिसऱ्या दिवशी मूल घेऊन निघून गेली, की नोंदवहीत ‘पालकांचे असहकार्य’ असा शेरा पडतो. भूमकाकडे (गावच्या वैदूकडे) जाणे आणि तान्ह्या मुलाच्या पोटाला तापल्या लोखंडाचा चटका (डंबा) देणे हे प्रकार आहेत आणि ते घातक आहेत. मात्र दवाखाना वीस किलोमीटरवर आणि भूमका शेजारच्या घरात असताना सगळा दोष अंधश्रद्धेवर टाकणे सरकारी यंत्रणेला फार सोयीचे पडते.

संस्था आणि माणसे : डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे हे दांपत्य १९८० च्या दशकापासून बैरागड येथे वैद्यकीय सेवा देत आहे. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांनी १९९८ पासून ‘महान’ संस्थेचे रुग्णालय उभे केले आणि गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घराघरात बालकांचे उपचार पोचवले. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांच्या लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांना घरबांधणीपासून राख्यांपर्यंतची कामे दिली. पुण्याच्या ‘मैत्री’ने १९९७ पासून पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या पाठवण्याची धडक मोहीम चालवली. वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांतून ही नावे वारंवार येतात आणि यावीतही. मेळघाटला उपकारकर्त्यांची वाण कधी पडली नाही. कमी पडला तो अधिकार.

तो मिळाल्यावर काय होते, हे पायथ्याच्या पायविहीर गावात दिसते. अचलपूर तालुक्यातल्या या गावाने ‘खोज’ संस्थेच्या साथीने वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा केला आणि २०१२ च्या सुमारास सुमारे १९० हेक्टर वनजमिनीचा हक्क मिळवला. मिळालेले जंगल उजाड होते. ग्रामसभेने कुऱ्हाड आणि चराई बंद केली, रोजगार हमीतून सलग समतल चर खोदले, रोपे लावली आणि पाळीने राखण केली. काही वर्षांत सीताफळे इतकी लागली की ती ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईपर्यंत जाऊ लागली. शेजारच्या उपातखेडा, खतिजापूर आणि नयाखेडा या गावांबरोबर तेंदूपानांची विक्रीही ग्रामसभांनी आपल्या हाती घेतली. ठेकेदार पुडे मोजून देईल तो भाव घ्यायची पद्धत तिथे मोडली. २०१४ मध्ये पायविहीरला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. गावातून बाहेर जाणाऱ्यांची संख्या घटली. खात्याने शंभर-दीडशे वर्षे राखलेले रान ज्यांच्यापासून राखायचे असे मानले होते, त्यांनीच ते वाढवून दाखवले. प्रकल्पाच्या गाभ्यातल्या गावांना मात्र हा मार्ग सहजी मोकळा झालेला नाही.

दळणवळण आणि सोयी : परतवाडा–सेमाडोह–हरिसाल–धारणी हा मुख्य रस्ता. अकोल्याहून अकोटमार्गे खंडव्याकडे जाणारी मीटरगेज रेल्वे व्याघ्रप्रकल्पातून जात असे; धूळघाटजवळ ती डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळावरून चढायची. रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये ती बंद झाली. अकोला–अकोट भाग रुंदमापी होऊन सुरू झाला. पुढचा मार्ग जंगलातून न्यावा की बाहेरून, यावर बराच वाद झाला. हरिसाल २०१६ मध्ये देशातले पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. त्याच धारणी तालुक्यातल्या रंगुबेली भागातील गावांनी वीज, रस्ता आणि पाणी नाही म्हणून २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदानावर बहिष्कार घातला.

बालमृत्यूंबाबतच्या २००७ च्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्येही सुनावणी चालू होती.