गांजा, तारायंत्र आणि एक हौशी डॉक्टर

कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर शिबपूरचें वनस्पति-उद्यान आहे. तेथील अवाढव्य वटवृक्ष पाहण्यासाठीं लोक दूरदूरून जातात. परंतु ह्याच उद्यानांत १८३९ सालीं एक आयरिश डॉक्टर बांबू पुरून, त्यांवरून लोखंडी तारा ताणून, विजेच्या साहाय्यानें निरोप धाडण्याचा खटाटोप करीत होता, ही गोष्ट फार थोड्यांच्या कानीं आलेली असते. आणि त्याच सुमारास तोच गृहस्थ कलकत्त्यांत कुत्र्यांना चरस खाऊं घालून त्यांच्या चेष्टा घड्याळाकडे पाहत टिपून घेत होता, ही तर त्याहूनही थोड्यांच्या. एका हातीं विजेचा घट आणि दुसऱ्या हातीं गांज्याचा अर्क, अशा ह्या मनुष्याचें नांव विल्यम ब्रूक ओशॉनेसी.

आयर्लंडमधील लिमरिक येथें जन्मलेला हा तरुण १८२९ सालीं एडिंबरो येथून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला. दोनच वर्षांनीं इंग्लंडवर पटकीची पहिली सांथ आली. रोगी डोळ्यांदेखत निळेकाळे पडत, वाळल्यासारखे होत आणि मरत. आणि डॉक्टर त्यांच्या अंगांतील उरलेंसुरलें रक्तही काढून घेत! ओशॉनेसीनें रोग्यांचें रक्त रसायनशाळेंत तपासलें आणि त्यांतील पाणी व क्षार नाहींसे झालेले आहेत असें दाखवून दिलें. मग जें गेलें तेंच शिरेवाटें परत घालावें, ही त्याची सूचना. १८३२ सालीं लीथ येथील डॉ. थॉमस लाटा यानें ती प्रत्यक्षांत आणली, आणि आज रुग्णालयांत खाटेशेजारीं टांगलेली जी सलाइनची बाटली आपण पाहतों, तिची वंशावळ येथवर येऊन पोंचते. ओशॉनेसीनें त्या वेळीं पंचविशीही गांठलेली नव्हती. इतकें करूनही लंडनांत त्याचा जम बसेना; तेव्हां १८३३ सालीं त्यानें ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरिली आणि तो बंगालमध्यें आला. १८३५ सालीं कलकत्त्यास मेडिकल कॉलेज निघालें, त्यांत रसायनशास्त्राची गादी त्याला मिळाली.

भांगेचें नांव निघालें कीं आपल्याकडे बैरागी, शिवरात्रीचा घोटा आणि शिमग्याचा धिंगाणा एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढें येतात. ओशॉनेसीला मात्र तिच्यांत औषध दिसलें. त्यानें प्रथम केलें तें हें कीं, इथल्या जाणत्या माणसांना विचारलें. विजया ह्या नांवानें भांग आपल्या वैद्यकांत पूर्वापार चालत आलेली आहे आणि अथर्ववेदांतही भंगेचा उल्लेख आहे. कलकत्त्याच्या पंडितांकडून त्यानें संस्कृत ग्रंथांतील उतारे समजावून घेतले, हकीमांकडून फारसी व अरबी ग्रंथांतील. ह्या कामीं त्याच्या साहाय्यकांत पंडित मधुसूदन गुप्त होते. म्हणजे शवविच्छेदनास प्रथम हात घालण्याबद्दल ज्यांचें नांव आधुनिक हिंदी वैद्यकाच्या इतिहासांत घेतलें जातें, तेच. ज्यांच्या देशांत आपण आलों त्यांना कांहीं ठाऊक असावें, ही गोष्ट त्या काळच्या सगळ्याच साहेबांना सुचत नसे.

झाडाचे तीन प्रकारचे पदार्थ होतात, हें त्यानें व्यवस्थित मांडलें. पानांची ती भांग. मादी झाडाचे फुलोऱ्यासह वाळविलेले राळभरले शेंडे तो गांजा. आणि नुसती राळ काढून घेतली कीं तो चरस. अंमल आहे तो ह्या राळेंत. आणि राळ पाण्यांत विरत नाहीं, मद्यार्कांत विरते. म्हणून त्यानें मद्यार्कांत अर्क उतरविला आणि थेंब मोजून देतां येईल असें औषध तयार केलें.

माणसांना देण्यापूर्वीं त्यानें तें जनावरांना दिलें. मध्यम आकाराच्या एका कुत्र्याला नेपाळी चरसाचे दहा ग्रेन मद्यार्कांत विरघळवून पाजले. कुत्रा सुस्त झाला, मधून मधून डुलक्या घेऊं लागला, हांक मारली तर शेंपूट हालवी, पुढें टाकलेलें अन्न अधाशासारखें खाई आणि चालतांना झोकांड्या देई. सहा तासांनीं पुन्हां पूर्ववत् झाला. मांजरें, डुकरें, मासे, गिधाडें, कावळे सगळ्यांवर प्रयोग झाले. मांसाहारी प्राण्यांना नशा चढते, आणि घोडा, हरिण, गाय, शेळी, मेंढी ह्यांच्यावर मात्र परिणाम जवळजवळ होत नाहीं, असें त्याला आढळलें. कोणत्याही प्राण्याला ह्या औषधानें वेदना झालेल्या दिसल्या नाहींत. त्या काळीं बहुतेक डॉक्टर नवें औषध सरळ रोग्याच्याच गळ्यांत ओतीत, हें आठवलें म्हणजे ह्या सावधपणाचें मोल कळतें.

पुढें संधिवाताचे तीन रोगी निवडले आणि प्रत्येकाला एकेक ग्रेन राळ दिली. त्यांपैकीं एकानें दोन तासांनीं बडबड सुरू केली, गाणीं म्हटलीं, जास्त जेवण मागितलें आणि मग तो झोंपला. रात्रीं पाहतात तों मनुष्य बेशुद्ध. श्वास मात्र संथ चाललेला. त्याचा हात उचलून जसा ठेवावा तसा तो अधांतरीं राही, मेणाच्या पुतळ्यासारखा! डॉक्टरांची पांचावर धारण बसली असेल. परंतु कांहीं तासांनीं रोगी उठून बसला. कॉलेजांतील एका सुशील व लाजऱ्या विद्यार्थ्यानें ह्याच अर्काचे दहा थेंब स्वतःवर अजमावून पाहिले. थोड्याच वेळांत तो राजा बनून दरबाऱ्यांना आज्ञा सोडूं लागला, आणि शास्त्र व राजकारण ह्यांवर असें अस्खलित बोलूं लागला कीं सोबती थक्क झाले.

ह्या गमतीच्या कथा झाल्या. पण त्यांच्या पाठोपाठ येतात त्या वाचतांना हंसूं मावळतें. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानें जलसंत्रास झालेला एक रोगी त्याच्याकडे आला. पाणी दिसतांच अंगाचे आळेपिळे, घसा आवळलेला, आणि मृत्यु ठरलेला. ओशॉनेसीच्या औषधानें मृत्यु टळला नाहीं. तसा दावाही त्यानें केला नाहीं. परंतु झटके निवले, रोगी रसाळ फळ चोखूं शकला, भाताचे घांस गिळूं शकला, आणि शेवटचे दिवस शांतपणें गेले. जेथें बरें करतां येत नाहीं तेथें यातना कमी करणें हेंही वैद्याचें काम आहे, हें त्यानें स्पष्ट लिहून ठेविलें. धनुर्वाताच्या रोग्यांतही त्याला गुण आढळला.

सर्वांत विलक्षण हकीकत आहे ती चाळीस दिवसांच्या एका मुलीची. तिला आंकड्या येत होत्या. एक ओसरते न ओसरते तों दुसरी. त्या काळचे सगळे ठरीव उपचार करून थकल्यावर ओशॉनेसीनें गांज्याच्या अर्काचा थेंब तिच्या ओंठांत सोडला. आंकड्या थांबल्या, पुन्हां आल्या, मात्रा वाढवावी लागली, आणि अखेर मुलगी सुधारून धष्टपुष्ट झाली. परंतु त्यानें टिपून ठेवलेली खरी गोष्ट पुढेंच आहे. साठ दिवसांच्या त्या अर्भकाला गुंगी येण्यास १३० थेंब लागूं लागले होते, आणि कॉलेजच्या जवान विद्यार्थ्याला दहाच थेंबांनीं राजा केलें होतें! ही विसंगति त्यानें लपविली नाहीं, उघड छापली. गांज्यासारखें औषध कोणाला किती द्यावें, हा प्रश्न पुढें शंभर वर्षें सुटला नाहीं, त्याचें बीज ह्याच नोंदींत आहे.

इकडे तारेचें कामही चाललेंच होतें. सुमारें २१ मैलांचा विद्युन्मार्ग त्यानें उभारला, त्यांत सात हजार फूट हुगळीचें पाणी होतें. नदींतून नेण्याची तार डांबरलेल्या दोऱ्यानें गुंडाळून चिरलेल्या वेतांत बसविली होती. निरोप घेण्याची युक्ति तर अशी कीं, विजेचा बारीक धक्का बोटाला बसावा आणि घड्याळाच्या कांट्यावरून अक्षर ओळखावें. मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार सुरू झाली १८४४ सालीं. त्याआधीं पांच वर्षें बंगालमध्यें बांबूंवर हें घडलें. सरकारनें ढुंकूनही पाहिलें नाहीं.

१८४१ सालीं प्रकृतीच्या कारणानें तो रजेवर इंग्लंडला गेला, तो सामानांत गांजा घेऊनच. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील औषधविक्रेता पीटर स्क्वायर यानें त्यापासून अर्क बनविला, आणि डोकेदुखी, निद्रानाश, आंकड्या, पाळीची वेदना ह्यांवर तो युरोप-अमेरिकेंतील डॉक्टर देऊं लागले. खुद्द व्हिक्टोरिया राणी हें औषध घेई, अशी एक कथा आजकाल फार सांगितली जाते. तिचे एक डॉक्टर रसेल रेनल्ड्स ह्यांनीं गांज्याच्या औषधी उपयोगाबद्दल १८९० सालीं लेख लिहिला, इतकेंच खरें. राणीच्या कथेला पुरावा नाहीं.

१८४४ सालीं ओशॉनेसी परत आला, तो कलकत्त्याच्या टांकसाळींत नाण्यांचा कस पाहूं लागला. तेथें त्याला डलहौसी भेटला. म्हणजे तारेला धनी भेटला. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार १८५१ सालीं सुरू झाली. तिच्या कामांत टांकसाळींतील शिवचंद्र नंदी हा बंगाली तरुण ओशॉनेसीचा उजवा हात होता. पुढील वर्षीं ब्रह्मदेशच्या युद्धाची वार्ता ह्या तारेनें झटकन् आली, आणि कंपनीच्या संचालकांची खात्री पटली. मग काय विचारतां! २४ मार्च १८५४ रोजीं आग्र्याहून कलकत्त्यास आठशें मैलांवर निरोप गेला. आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूर करीत तार मुंबईस उतरली, मुंबईहून पुणें, बेळ्ळारी, बंगलोर ह्या वाटेनें मद्रासला पोंचली, आणि १ फेब्रुवारी १८५५ पासून ती सर्व लोकांस खुली झाली. सोळा शब्दांना चारशें मैलांपर्यंत एक रुपया. विलायतेची नाजूक तार माकडांच्या उड्या आणि घारी-गिधाडांचा भार सोसणार नाहीं, म्हणून ओशॉनेसीनें जाड लोखंडी सळ्याच वापरल्या होत्या. हौसेनें केलेल्या प्रयोगाचें हें फळ. मात्र तें कोणाच्या पदरांत पडलें हेंही विसरून चालणार नाहीं. ११ मे १८५७ रोजीं दिल्लीच्या तारऑफिसांतून अंबाल्यास गेलेल्या निरोपानें कंपनी सरकार सावध झालें, आणि बंडवाल्यांजवळ तसें साधन नव्हतें.

तारेनें ओशॉनेसीला पुरतें गिळलें. सर हा किताब त्याला १८५६ सालीं मिळाला. गांज्याकडे मात्र तो पुन्हां फारसा वळला नाहीं. आणि वळला असता तरी अडचण तीच होती. एका वर्षाचा गांजा दुसऱ्या वर्षाच्या गांज्यासारखा नसे, मुरलेला अर्क ताज्यासारखा नसे. एक बाटली निरुपयोगी ठरे तर दुसरीनें रोग्याला भ्रम होई. शिवाय राळ पाण्यांत विरत नसल्यामुळें नव्यानें निघालेल्या पिचकारीनें ती टोंचतां येईना. अफूचें सत्त्व मॉर्फिन मात्र टोंचतां येई. डॉक्टर तिकडे वळले. पुढें कायद्याचीही वक्रदृष्टि झाली. ब्रिटिश औषधिकोशांतून १८३२ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, आणि अमेरिकन कोशांतून १९४२ सालीं हें औषध वगळलें गेलें.

हिंदुस्थानांत मात्र त्यापूर्वींच एक मोठी चौकशी होऊन गेली होती. विलायतेच्या पार्लमेंटांत गांज्याविरुद्ध ओरड झाल्यावरून १८९३ सालीं सात सभासदांचें कमिशन नेमलें गेलें. त्यांत तिघे हिंदी होते. त्यानें ११९३ साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. आपल्याकडील नगर जिल्ह्यांत गांज्याचें पीक होत असे, त्याचीही त्यांत माहिती आहे. गांज्यानें वेड लागतें ह्या समजुतीचा कमिशननें वेड्यांच्या इस्पितळांच्या दप्तरांतून छडा लावला, तेव्हां असें निघालें कीं, वेडाचें कारण ह्या रकान्यांत पुष्कळ वेळां पोलिसांनीं अंदाजानेंच ‘गांजा’ असें लिहून टाकलेलें होतें! माफक सेवनानें सहसा अपाय होत नाहीं, अतिरेकानें होतो, आणि सरसकट बंदी नको, असा कमिशनचा निर्णय झाला. अहवाल कपाटांत गेला. स्वतंत्र भारतानें १९८५ सालच्या कायद्यानें गांजा आणि चरस ह्यांवर बंदी घातली. नुसत्या पानांची भांग तेवढी त्या व्याख्येबाहेर राहिली.

राळेंत नेमकें काय आहे, हें ओशॉनेसीला कळणें शक्य नव्हतें. १९४० सालीं अमेरिकेंत रॉजर ॲडम्स ह्यांनीं कॅनाबिडायॉल वेगळें काढलें, आणि १९६४ सालीं इस्राएलांत राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी ह्यांनीं टी. एच. सी. शुद्ध रूपांत मिळविलें. नशा आणणारें द्रव्य तें दुसरें. पहिल्यानें तशी नशा येत नाहीं. एका झाडाच्या निरनिराळ्या शेंड्यांचे परिणाम इतके निराळे कां, ह्याचा बराचसा उलगडा झाला. आज ह्याच कॅनाबिडायॉलचें तेल झोंपेसाठीं, सांधेदुखीसाठीं, मनःशांतीसाठीं म्हणून घरोघर विकत घेतलें जातें. अमेरिकेंत २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत अशा ८४ बाटल्या घेतल्या होत्या; चिठ्ठीवर लिहिलेल्या प्रमाणाशीं आंतील तेलाचें प्रमाण जुळलें तें फक्त २६ बाटल्यांत. स्क्वायरच्या दुकानांतील जुनी तक्रार नव्या बाटलींत उतरली, असेंच म्हणावें लागतें.

ओशॉनेसी १८६० च्या सुमारास इंग्लंडला परतला, त्यानें आपलें आडनांव बदलून ब्रूक केलें, आणि ८ जानेवारी १८८९ रोजीं तो साउथसी येथें वारला. त्यानें आरंभिलेली हिंदुस्थानांतील तारेची सेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तत्पूर्वीं कित्येक वर्षें तिचा टकटकाट कोणी ऐकत नव्हता. गांज्याचें उलट झालें. जून २०१८ मध्यें अमेरिकन सरकारनें कॅनाबिडायॉलचें शुद्ध औषध मंजूर केलें, तें लहान मुलांच्या दोन प्रकारच्या असाध्य आंकड्यांवर, वय वर्षें दोनपासून पुढें. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरांत शंभर मिलिग्रॅम असतात, आणि मुलाचें वजन करून मात्रा ठरवितात.