शाळेत युवा प्रशिक्षणार्थी म्हणून काम केलं, प्रमाणपत्रही मिळालं; मग आता गुरुजी होता येतं का?

गावोगावच्या झेडपी शाळांमध्ये गेल्या दोन वर्षांत गावातलीच पोरं-पोरी शिकवताना दिसली. कुणी पहिलीच्या लेकरांना मुळाक्षरं गिरवायला लावतं, कुणी ऑनलाइन माहिती भरतं. ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’तून आलेले हे प्रशिक्षणार्थी. मुदत संपली की हातात प्रमाणपत्र येतं आणि घरात एकच प्रश्न सुरू होतो, आता पोरगी शाळेत कायम होणार का? सरळ उत्तर आहे, या प्रमाणपत्रावर नाही. पण म्हणून ते रद्दीत टाकण्यासारखंही नाही. त्याचा उपयोग कुठे आणि कुठे नाही, ते समजून घ्या.

योजना नेमकी काय?

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये ही योजना सुरू केली. चालवतो कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, शिक्षण विभाग नव्हे. इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. वय १८ ते ३५, किमान बारावी पास, महाराष्ट्राचा रहिवासी आणि आधारला जोडलेलं बँक खातं, या मुख्य अटी. ज्याचं शिक्षण सुरू आहे त्याला यात भाग घेता येत नाही. सुरुवातीला मुदत ६ महिने होती, २०२५ मध्ये ती ११ महिन्यांपर्यंत वाढवली. नवीन अर्ज करण्याआधी सध्या नोंदणी सुरू आहे का आणि मुदत किती आहे, हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारून घ्या.

पैसे किती?

बारावी पास : महिना ६,००० रुपये
आयटीआय किंवा पदविका : महिना ८,००० रुपये
पदवीधर व पदव्युत्तर : महिना १०,००० रुपये

हा पगार नाही, विद्यावेतन आहे. शाळेने ऑनलाइन हजेरी भरली की सरकारकडून पैसे थेट खात्यात येतात. पूर्ण ११ महिने काम झालं तर बारावीवाल्याला ६६,००० आणि पदवीधराला १ लाख १० हजार रुपये होतात. विद्यावेतन असल्यामुळे भविष्य निर्वाह निधी किंवा किमान वेतनाचा नियम इथे लागू नाही.

मग कायम होण्याची आशा कुठून आली?

योजनेत असं म्हटलंय की, आस्थापनेला उमेदवार योग्य वाटला आणि त्याचीही तयारी असली, तर त्याला नोकरी देता येईल. कारखान्याच्या किंवा खासगी कंपनीच्या बाबतीत हे जमतं, कारण माणूस घ्यायचा की नाही हे मालक ठरवतो. झेडपी शाळेच्या मुख्याध्यापकाला मात्र शिक्षक नेमायचा अधिकारच नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यालाही नाही. शिक्षकाची जागा राज्याच्या भरतीतूनच भरली जाते. कायम करा, या मागणीसाठी प्रशिक्षणार्थ्यांनी २०२५ मध्ये आंदोलनंही केली. ती मागणी आपल्या जागी आहे, पण आज हातात असलेल्या कागदाने शिक्षकाची पात्रता मिळत नाही. ‘एवढे पैसे द्या, ऑर्डर काढून देतो’ असं कुणी म्हणालं तर ती फसवणूक समजा.

गुरुजी व्हायचं तर वाट कोणती?

१. शिक्षणशास्त्राची पदविका किंवा पदवी. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड. लागतं, ज्याला गावात अजून डी.एड. म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवी व बी.एड. चालतं. नुसत्या बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला आहे.

२. टीईटी. ही शिक्षक पात्रता परीक्षा १५० गुणांची असते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. खुल्या गटाला ६० टक्के गुण हवेत. एकदा पास झालं की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

३. टेट. नाव सारखं वाटतं पण परीक्षा वेगळी. २०० गुण, वेळ दोन तास. यात पास-नापास नसतं. जितके गुण जास्त, तितका नंबर वर.

४. पवित्र पोर्टल. टेटच्या गुणांवर इथून निवड होते. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून त्याचं मानधन प्राथमिकला महिना १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. तीन वर्षं नीट पार पडली की नियमित वेतनश्रेणी.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. डी.एल.एड. आणि बी.एड.मध्ये सुमारे २० आठवडे शाळेत जाऊन काम करावं लागतं, त्याला आंतरवासिता म्हणतात. त्याचे पैसे मिळत नाहीत, पण ती अभ्यासक्रमाचा भाग आहे. योजनेतले ११ महिने तिच्या जागी धरले जात नाहीत.

मग प्रमाणपत्र कशाला?

खासगी शाळा, शिकवणी वर्ग, सेतू केंद्र, संगणकाचं काम, अशा ठिकाणी अनुभवाचा कागद म्हणून ते दाखवता येतं. दुसरा फायदा कागदावर दिसत नाही. वर्गात तीस लेकरं सांभाळायला आपल्याला जमतं का, आवडतं का, हे दोन वर्षं आणि फीचे पैसे घालण्याआधीच कळतं.

काम करताना एवढं करा

• रुजू झाल्याचं पत्र, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स एका फाईलमध्ये ठेवा.
• दर महिन्याला आपली हजेरी ऑनलाइन भरली का, हे मुख्याध्यापकांना विचारा. विद्यावेतन अडकलं तर आधी तिथेच पाहा.
• शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्र मागून घ्या. नाव आणि तारखा बरोबर आहेत का ते तपासा.
• डी.एल.एड. किंवा बी.एड. आधीच झालं असेल, तर सकाळ-संध्याकाळ टीईटी-टेटचा अभ्यास चालू ठेवा. अशांसाठी ही योजना म्हणजे अभ्यासाच्या काळातला खर्चाचा आधार.
• नुसती बारावी झाली असेल आणि शिक्षकच व्हायचं असेल, तर योजनेसाठी डी.एल.एड.चा प्रवेश पुढे ढकलू नका. दोन्ही एकदम करता येत नाही. महिन्याचे सहा हजार दिसतात, गेलेलं वर्ष दिसत नाही.

पेरणीची वेळ चुकली की नंतर कितीही खत घातलं तरी पीक मागेच राहतं. पोरांच्या वयाचंही तसंच असतं. योजनेचा फायदा जरूर घ्या, पण कोणत्या वाटेने जायचं हे आधी ठरवा.